विश्लेषण : गोपाळ कृष्ण गोखले वक्ते कसे घडले? १८९७ मधल्या एका चुकीची त्यांना काय किंमत मोजावी लागली?

तारीख २६ मार्च १९०२. ठिकाण कलकत्ता, ब्रिटिश हिंदुस्थानची तेव्हाची राजधानी. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय कायदेमंडळाची बैठक सुरू होती. सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती आणि सदस्य अर्थखात्याचे अभिनंदन करत होते. पुण्याहून आलेला ३५ वर्षांचा एक प्राध्यापक उठला. या अभिनंदनात आपण मनापासून सामील होऊ शकत नाही, अशी सुरुवात करून त्याने ही शिल्लक जनतेच्या खिशातून कशी आली, याचा हिशेबच मांडला.

हे गोपाळ कृष्ण गोखले यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण. त्यानंतर अर्थसंकल्पाच्या चर्चेत गोखले काय बोलणार, याकडे देशाचे आणि सरकारचेही लक्ष असे. मात्र याच गोखल्यांना पाच वर्षांपूर्वी, आपण जे बोललो ते सिद्ध करता येत नाही म्हणून जाहीर माफी मागावी लागली होती. इतरांना पटेल असे बोलण्याची कला ते कुठे आणि कशी शिकले?

गोखले जन्मजात वक्ते होते का?

तसे म्हणता येणार नाही. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई असा प्रवास करत गोखले १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

स्वभाव लाजाळू आणि हळवा. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासारखी सभा दणाणून सोडणारी वाणी त्यांच्याकडे नव्हती. होती ती पाठांतराची विलक्षण सवय. इंग्रजी पुस्तकांतील पानेच्या पाने ते मुखोद्गत करत. एडमंड बर्क यांच्या लेखनाचे मोठे भाग त्यांना पाठ होते, असे चरित्रकार सांगतात. परक्या भाषेतील लांब वाक्य कुठे वळते आणि कुठे थांबते, हे या घोकंपट्टीतून त्यांच्या कानात बसले.

१८८५ मध्ये ते ३५ रुपये पगारावर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे गरज पडेल ते विषय शिकवले. अंकगणिताचे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांमध्ये चालले. अवघड हिशेब समोरच्या मुलाला समजेल अशा पायऱ्यांत कसा मांडायचा, याचा सराव त्यांना वर्गातच झाला.

त्यांना खरे शिक्षण कोणी दिले?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८८७ च्या सुमारास दोघांचा संबंध आला आणि १९०१ मध्ये रानडे यांचे निधन होईपर्यंत तो टिकला. गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले. रानडे त्यांना सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके आणि आयोगांचे जाडजूड खंड वाचायला लावत. त्यातून टिपणे काढायची, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करायचे आणि ते रानडे यांच्यापुढे ठेवायचे, असा हा क्रम. रानडे त्यात दुरुस्त्या सुचवत आणि मसुदा पुन्हा लिहावा लागे.

हे काम कंटाळवाणे होते. महिनोन्‌महिने खपून पाठवलेल्या अर्जाला सरकारकडून अर्ज मिळाल्याची एका ओळीची पोच येई. एकदा तरुण गोखल्यांनी वैतागून या खटाटोपाचा उपयोग काय, असे विचारले. रानडे यांनी समजावले, की अर्जावर नाव सरकारचे असले तरी तो खरा आपल्या लोकांसाठी असतो. या प्रश्नांवर विचार कसा करायचा, हे लोकांनी त्यातून शिकायचे असते. निकाल लगेच मिळेल, ही अपेक्षा धरायची नाही.

दुसरे शिक्षक होते गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने शाळेचे मुख्याध्यापक आणि सरकारी आकडेवारीचे गाढे अभ्यासक. फारसे प्रकाशात न आलेल्या या माणसाशी गोखल्यांचा वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. भाषणाआधी आकडे पडताळण्यासाठी आणि युक्तिवाद तपासून घेण्यासाठी ते जोशींना लिहीत. व्यासपीठावर एकटे गोखले दिसत, पण त्यांच्या भाषणामागे अशा माणसांचेही कष्ट होते.

१८९७ मध्ये लंडनमध्ये काय घडले?

हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला होता. त्यापुढे साक्ष देण्यासाठी दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर यांच्याबरोबर गोखले यांची निवड झाली. ते डेक्कन सभेच्या वतीने गेले होते. लंडनला जाताना वाटेत फ्रान्समधील कॅले येथे पडून त्यांच्या छातीला मार बसला. तरीही एप्रिलमध्ये ते आयोगासमोर उभे राहिले.

साक्ष देणे म्हणजे एकतर्फी भाषण नव्हते. आयोगात मुरलेले ब्रिटिश अधिकारी होते आणि ते उलटतपासणी घेत होते. आकडा कुठून आणला, तो कोणत्या वर्षाचा, त्याचा दुसरा अर्थ लागू शकत नाही का, अशा प्रश्नांची सरबत्ती दोन दिवस चालली. रानडे आणि जोशी यांच्या मदतीने केलेली तयारी इथे कामी आली. आयोगाचे सदस्य असलेले दादाभाई नौरोजी हे सारे पाहत होते. वयाची ३१ वर्षेही पूर्ण न झालेल्या गोखल्यांचे या साक्षीमुळे नाव झाले.

पण दौरा इथे संपला नाही. त्या काळात पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेत होते. देवघरे आणि स्वयंपाकघरेही सुटत नव्हती. लोकांत प्रचंड संताप होता. पुण्यातील परिचितांची पत्रे लंडनमध्ये गोखल्यांपर्यंत पोहोचत होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला माहिती दिली. तीत एक अत्यंत गंभीर आरोप होता. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातील एकीने आत्महत्या केली, असा.

इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ फेटाळला आणि पुराव्याची मागणी झाली. त्याच सुमारास, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यामुळे वातावरण आणखी तापले.

गोखले यांनी माफी का मागितली?

कारण पुरावा मिळाला नाही. मुंबईला परतल्यावर गोखल्यांनी मित्रांकडे चौकशी केली. पत्रांत लिहिलेली गोष्ट शपथेवर सांगायला कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली, तर सरकारचा रोष त्यांच्यावर ओढवला असता. ते गोखल्यांना मान्य नव्हते. अखेर ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नर, प्लेग अधिकारी आणि सैनिक यांची बिनशर्त जाहीर माफी मागितली.

या माफीची वेळही वाईट होती. गोखले मुंबईत उतरण्याच्या अवघे काही दिवस आधी राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना अटक झाली होती. पुढे त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागून मोकळे, अशी तुलना होणे अटळ होते. स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरवले, तर बेजबाबदार आरोप करणारा माणूस म्हणून ब्रिटिश वृत्तपत्रांनी झोडपले. काही महिन्यांपूर्वी मिळवलेले नाव धुळीला मिळाले. हा घाव गोखल्यांच्या मनात कायम राहिला.

पुण्यातले लोक प्लेगच्या झडत्यांमुळे होरपळले होते, याविषयी वाद नव्हता. पण ते दुःख सांगताना गोखल्यांनी एक ठोस घटना सांगितली आणि ती सिद्ध करण्याची तयारी त्यांच्याकडे नव्हती. त्या एका वाक्यामुळे चर्चा लोकांच्या हालांवरून हटली आणि आरोप करणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर गेली. ज्यांची बाजू मांडायची होती, त्यांचेच नुकसान झाले. एप्रिलमध्ये प्रत्येक आकड्याचा आधार सोबत ठेवणारा माणूस तीन महिन्यांत ऐकीव माहितीवर बोलला, हे या प्रकरणातले सर्वांत बोचणारे सत्य होते.

माफीनंतर ते पुण्यातील प्लेग निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले आणि फिरोजशहा मेहता प्रकृतीमुळे केंद्रीय कायदेमंडळातून बाहेर पडल्यावर त्यांच्या जागी कलकत्त्याला पोहोचले.

१९०२ च्या भाषणात एवढे काय होते?

आधी सभागृहाचे स्वरूप लक्षात घ्यायला हवे. १८९२ च्या कायद्यानुसार सदस्यांना अर्थसंकल्पावर फक्त बोलता येत होते. त्यावर मतदान नव्हते. सरकारी सदस्यांचे बहुमत ठरलेले होते. म्हणजे कितीही प्रभावी बोलले तरी अर्थसंकल्पातला एक रुपयाही इकडचा तिकडे करण्याचा अधिकार नव्हता. अशा ठिकाणी भाषणाचा एकच उपयोग होता. समोरच्याला उत्तर देता येणार नाही, अशी मांडणी करायची.

गोखल्यांचा मुख्य मुद्दा चलनाच्या दराचा होता. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडात भरावी लागे. त्यात कर्जावरचे व्याज, निवृत्तिवेतने आणि लष्करी खर्च यांचा समावेश होता. एका पौंडाचे २४० पेन्स. रुपयाचा भाव घसरून १३ पेन्सवर आला, तेव्हा एका पौंडासाठी साधारण साडेअठरा रुपये लागत होते. तो १६ पेन्सवर स्थिर झाल्यावर १५ रुपये पुरू लागले. म्हणजे प्रत्येक पौंडामागे सुमारे साडेतीन रुपयांची बचत. पौंडातली देणी कोटीच्या घरात असल्याने वर्षाला काही कोटी रुपये वाचत होते.

इथे गोखल्यांनी नेमके बोट ठेवले. रुपया घसरत होता तेव्हा तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढवले होते. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला, तोही त्याच काळात. आता रुपया सावरला, तरी कर तसेच राहिले. तिजोरीतली शिल्लक म्हणजे देश श्रीमंत झाल्याची खूण नाही, तर लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात असल्याचा पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. नुकत्याच येऊन गेलेल्या भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी असल्याने तो अधिकच टोचणारा होता.

सर्व आकडे सरकारच्याच अहवालांतले होते, त्यामुळे ते नाकारण्याची सोय सरकारला नव्हती. स्वरात आरडाओरडा किंवा कोणावर वैयक्तिक टीका नव्हती. शेवटी मागण्याही मोघम न ठेवता नेमक्या ठेवल्या होत्या. मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकरासाठीची उत्पन्नमर्यादा ५०० वरून १,००० रुपये करा, कापडावरील उत्पादन शुल्क रद्द करा.

भाषणाचा परिणाम झाला का?

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर अडीच रुपयांवरून २ रुपयांवर आला. १९०५ मध्ये तो दीड रुपया आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. प्राप्तिकराची मर्यादाही १९०३ मध्ये १,००० रुपये करण्यात आली. ही मागणी करणारे गोखले एकटे नव्हते. काँग्रेस वर्षानुवर्षे तसे ठराव करत होती आणि तिजोरीत शिल्लकही होती. त्यामुळे सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. मात्र कर कपातीला नाही म्हणण्याची सरकारची कारणे त्या भाषणाने कमकुवत केली, हे खरे.

गोखल्यांची तयारी किती कसून असे, याचे वर्णन महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात केले आहे. १९१२ मध्ये गोखले जवळपास महिनाभर तिथे होते. तेथील मंत्र्यांना भेटण्याआधी त्यांनी हिंदी लोकांच्या २० वर्षांच्या लढ्याची माहिती गांधींकडून तपशिलाने समजून घेतली आणि शंका विचारून विचारून ती घोटून घेतली. प्रकृती खालावलेली असतानाही त्यात कसूर केली नाही.

याच दौऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. आपल्या लोकांच्या सभांमध्ये इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, असा आग्रह गांधींनी धरला. श्रोत्यांमध्ये कोकणातले मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय होते. गांधींच्या तोडक्यामोडक्या मराठीवर गोखले आधी हसले, पण नंतर तयार झाले. थेट झांझिबारपर्यंत ते अशा सभांत मराठीत बोलत राहिले आणि गांधी त्यांचे दुभाषे झाले.

या वक्तृत्वाच्या मर्यादा कोणत्या होत्या?

पहिली मर्यादा श्रोत्यांची. गोखले प्रामुख्याने इंग्रजीत आणि सत्ता असलेल्यांसमोर बोलले. टिळकांनी ‘केसरी’तून आणि मराठी भाषणांतून जो सामान्य माणूस जोडला, तो गोखल्यांच्या आकडेवारीपासून दूर राहिला. सरकारला मुद्दा पटला तर बदल होईल, हे गोखल्यांच्या पद्धतीमागचे गृहीतक होते. टिळकांना ते मान्य नव्हते.

दुसरी मर्यादा मतांची. मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना आपल्या भागात ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. वर्षभर त्यांनी देशभरातून मते गोळा केली, इतर देशांची उदाहरणे दिली आणि प्रत्येक आक्षेपाला उत्तर तयार ठेवले. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोध केवळ सरकारी बाकांवरून झाला नाही. जमीनदार वर्गातील हिंदी सदस्यांनाही ही सक्ती नको होती.

विधेयक पडणार, हे गोखल्यांना मतदानाआधीच ठाऊक होते आणि ते त्यांनी सभागृहात बोलूनही दाखवले. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणेच आले आहे, अशा आशयाचे ते बोलले. रानडे यांनी त्यांना तरुणपणी समजावलेली गोष्टच जणू ते पुन्हा सांगत होते. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून मुंबई प्रांतातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ६ ते १४ वयोगटासाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडले.

गोखले यांनी हे शिक्षण पुढे कोणाला दिले?

१२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. इथे येणाऱ्या तरुणांना सार्वजनिक कामाआधी काही वर्षे अभ्यास आणि उमेदवारी करावी लागे. गोखल्यांना जे रानडे यांच्याकडे मिळाले, तेच इथे नियमांत बांधले होते. पुढे इंग्रजी वक्तृत्वासाठी जगभर नाव झालेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हे याच संस्थेतले. गोखल्यांनंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली.

दुसरे नाव गांधींचे. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कोर्टात ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, ते गांधी गोखल्यांना राजकीय गुरू मानत. जानेवारी १९१५ मध्ये ते कायमचे हिंदुस्थानात परतले, तेव्हा गोखले आजारी होते. त्यांनी गांधींकडून एक वचन घेतले. वर्षभर देश हिंडून पाहायचा, लोकांचे ऐकायचे आणि कोणत्याही राजकीय प्रश्नावर जाहीर मत द्यायचे नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी गोखल्यांचे पुण्यात निधन झाले. वचन घेणारा माणूस राहिला नव्हता, तरी गांधींनी ते पाळले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते देशभर फिरले. त्यांचे पहिले गाजलेले राजकीय भाषण बनारसला, हिंदू विद्यापीठाच्या पायाभरणीच्या निमित्ताने झाले. तो फेब्रुवारी १९१६ होता. वर्ष पूर्ण झाले होते.